टाळ्या वाजवणारे साक्षीला येतील का?

कामगारांच्या प्रश्नांचे हे सदर. या वेळी तीन पत्रे घेतली आहेत, कारण तिन्हींच्या तळाशी एकच दुखणे आहे: माणसाने वैतागून नियम मोडला, लोक हळहळले, आणि पुढचे त्याला एकट्यालाच निस्तरावे लागले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. नावे छापू नयेत, ही तिघांची विनंती पाळली आहे.

पत्र पहिले

'माझा धाकटा भाऊ वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. नऊ वर्षं झाली, कायम आहे, आजवर एक मेमो नाही. शेजारच्या मशीनचा सुरक्षेचा सेन्सर दोन महिन्यांपासून बायपास केलेला (बंद करून ठेवलेला) होता. ऑपरेटर लोकांनी सुपरवायझरला तोंडी कितीदा सांगितलं. गेल्या महिन्यात सेकंड शिफ्टला त्या मशीनवरच्या पोराची दोन बोटं गेली. त्याला दवाखान्यात पाठवलं, रक्त पुसलं आणि लगेच दुसऱ्याला त्याच मशीनवर उभं केलं. भावाचं डोकं फिरलं. त्याने मेन स्विच पाडून सगळी लाईन बंद केली, हातातला जॉब (मशीनवरचा नग) केबिनच्या काचेवर फेकून मारला आणि तिथूनच मोबाईलवर लाईव्ह केलं. तो व्हिडिओ लाखावर लोकांनी पाहिला. गावात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. इकडे कंपनीने गेटबंद केलं, चार्जशीट दिली, पोलिसांत एक लाख तीस हजारांच्या नुकसानीची तक्रार दिली. एचआरवाले म्हणतात, राजीनामा लिहून दे, केस मागे घेतो. "भावा, तू वाघ आहेस" म्हणून रोज फोन करणारे शॉपमधले मित्र, साक्षीला याल का विचारलं की फोनच उचलत नाहीत. एवढी पब्लिक त्याच्या बाजूने आहे, तर कायदा ते बघत नाही का?'
– एक बहीण, ता. गंगापूर

उत्तर

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. कायदा ते बघतो, पण तुम्हाला वाटतं त्या जागी नाही. भावाने गैरवर्तन केलं की नाही, हे ठरवताना लाख लोकांनी व्हिडिओ पाहिला याला काडीची किंमत नाही. केलं असेल तर शिक्षा किती, हे ठरवताना मात्र बरंच बघावं लागतं: त्याला कशाने भाग पाडलं, मागची नोकरी कशी झाली, नुकसान कोणाचं आणि किती. तुमच्या भावाची लढाई या दुसऱ्या जागेवर आहे. तिथे लोकांची हळहळ कागदावर उतरून आली तरच उपयोगी पडते.

दोन निकाल सांगते. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, दोन्हींत कामगार वरिष्ठाला वाटेल ते बोलला होता. 1982च्या निकालातला उत्तर प्रदेशचा कामगार 14 वर्षं बिनडाग नोकरी केलेला होता. न्यायालय म्हणालं, तोंड सुटलं हे चूकच, पण त्यासाठी नोकरी घालवणं अती झालं. बडतर्फी रद्द झाली, दोन वेतनवाढी रोखल्या, विषय संपला. दुसरा निकाल 2005चा, आपल्याच महाराष्ट्रातला, महिंद्र अँड महिंद्रच्या कामगाराचा. कामगार न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. साहेबाला घाणेरड्या शिव्या देणं ही किरकोळ बाब नव्हे, म्हणून बडतर्फी कायम ठेवली. कंपनीचा वकील दुसरा निकाल घेऊन येणार, तुमच्या वकिलाने पहिला घेऊन जायचं. मधली जागा तुमच्या भावाची नऊ वर्षं आणि त्या दिवशीचं कारण यांनी भरायची आहे. किरकोळ गैरवर्तनासाठी, मागची नोकरी न बघता अवाजवी शिक्षा देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राच्या 1971च्या कायद्यात आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते ठेवलेलं आहे. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तुमची घटना त्यानंतरची आहे, म्हणून वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

आता भावाने त्या रात्री काय काय केलं ते वेगळं करू. चार्जशीटमध्ये कंपनीने सगळं एकाच वाक्यात गुंडाळलं असणार, 'लाईन बंद पाडून तोडफोड व बदनामी केली'. तुम्ही ते गुंडाळलेलं सोडवायचं. स्विच पाडणं वेगळं, काच फोडणं वेगळं, लाईव्ह करणं वेगळं.

स्विचबद्दल त्याने मान खाली घालायचं कारण नाही. मशीनचा धोक्याचा भाग सुरक्षित ठेवणं ही 1948च्या कारखाने कायद्यापासून मालकाची जबाबदारी आहे. जीवाला किंवा अंगाला तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क नव्या सुरक्षा संहितेने कामगाराला दिला आहे. कंपनीचा वकील म्हणेल, कळवणं वेगळं आणि स्विच पाडणं वेगळं. म्हणू द्या. दोन महिने तोंडी कळवून झालं होतं, एकाची बोटं गेली होती, आणि त्याच मशीनवर दुसरा माणूस उभा केला होता. त्या क्षणी स्विच पाडणारा माणूस काम अडवत नव्हता, तिसरं बोट वाचवत होता. हे चार्जशीटला द्यायच्या खुलाशात याच क्रमाने आलं पाहिजे: सेन्सर कधीपासून बायपास, कोणाला कधी सांगितलं, अपघात किती वाजता, मशीन पुन्हा किती वाजता सुरू, स्विच किती वाजता पाडला. तारखा आणि वेळा. 'अन्यायाविरुद्ध आवाज उठवला' वगैरे एक शब्द नको. गावातल्या कुणा लिहित्या माणसाकडून जळजळीत खुलासा लिहून घेण्याची आपल्याकडे फार हौस आहे. तो वाचायला छान असतो, आणि त्यातलंच एखादं वाक्य पुढे कंपनी उलटतपासणीत वापरते.

काचेचं तसं नाही. त्या वेळी केबिनमध्ये कोणी बसलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. केबिन रिकामी असेल तर हा काचेचा आणि पैशाचा मामला. आत माणूस होता आणि त्याला तुकडा लागला असेल, तर गुन्ह्याचं स्वरूप बदलतं आणि लोकही बदलतात. 2012च्या जुलैत मानेसरच्या मारुती कारखान्यात कामगारांच्या तक्रारी खऱ्या होत्या, देशभर लोक त्यांच्याबद्दल बोलत होते. 18 जुलैच्या आगीत आणि मारहाणीत कंपनीचा एक अधिकारी मेला. त्यानंतर कामगारांच्या मागण्या काय होत्या हे कोणी विचारेना. शेकड्यावर कामगार वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. 2017 मध्ये त्यातले 117 निर्दोष सुटले, 31 दोषी ठरले, 13 जणांना जन्मठेप झाली. निर्दोष सुटलेल्यांची गेलेली वर्षं कोणी भरून दिली नाहीत. तुमच्या भावाची गोष्ट त्याच्या जवळपासही नाही, हे मला कळतं. तरी केबिनचं खरं काय ते वकिलाला पहिल्या दिवशी सांगा, लपवू नका.

पोलिस तक्रारीतला एक लाख तीस हजार हा आकडा उगाच आलेला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये नुकसान किती यावर शिक्षा ठरते. वीस हजारांच्या आत असेल तर सहा महिन्यांपर्यंत, वीस हजार ते लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा वर गेलं की पाच वर्षांपर्यंत. केबिनची एक काच लाखाची असते का? बंद लाईनचं उत्पादन त्यात मोजलं असेल, तर वकिलाने तिथेच बोट ठेवायचं. काचेचं बिल मागा, आतलं काही फुटलं असेल तर त्याचं बिल मागा, पंचनाम्याची नक्कल घ्या. आकडा लाखाच्या खाली आला आणि नुकसान फक्त खाजगी मालकाचं असलं, तर अशी केस तडजोडीने मिटवता येते. काचेची भरपाई द्यायची तयारी ठेवा. मी तर म्हणते, द्याच. पण 'मी फोडली' असं चौकशीत लेखी देण्याआधी फौजदारी वकिलाला विचारा, कारण तो कागद दुसऱ्या केसमध्येही जाऊ शकतो.

राजीनामा देऊ नका. ज्या दिवशी एचआर राजीनामा पुढे सरकवतं, त्या दिवशी त्यांच्याही फाईलमध्ये काहीतरी दुखतंय असं समजा. इथे काय दुखतंय ते उघड आहे: बायपास केलेला सेन्सर. राजीनाम्यावर सही झाली की चौकशी संपते, सेन्सरचा विषय संपतो, ग्रॅच्युइटीचा हिशोब त्यांच्या हातात राहतो, आणि 'केस मागे घेतो' हे तोंडी वचन तेवढं तुमच्याकडे राहतं. घरात पगार नाही म्हणून माणूस टेकीला येतो, हे मी कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं बघते आहे. म्हणून हेही लक्षात घ्या: निलंबनात निर्वाह भत्ता हा हक्क आहे. पहिले 90 दिवस निम्मा पगार, आणि चौकशी भावामुळे रखडली नसेल तर त्यानंतर पाऊण. मिळत नसेल तर लेखी मागा आणि पोच घ्या.

आता साक्षीचं. तुमच्या पत्रात हेच सगळ्यात दुखरं आहे, आणि मला त्या मित्रांचाही राग येत नाही. त्यांनाही कर्जाचे हप्ते आहेत, ठेकेदारीतली पोरं तर एका फोनवर घरी जातात. पण त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, चौकशीत मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून कामगाराला काढणं किंवा त्रास देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे. दोन, त्यांनी 'भाऊ बरोबर होता' असं म्हणायची गरज नाही. 'त्या मशीनचा सेन्सर अमुक तारखेपासून बायपास होता आणि मी ते सुपरवायझरला सांगितलं होतं' एवढं एक खरं वाक्य पुरे. एक कायम कामगार उभा राहिला तरी चौकशीचा रंग बदलतो.

आणि कोणीच आलं नाही तर? मग न घाबरणारे साक्षीदार बोलवा, म्हणजे कागद. ज्या पोराची बोटं गेली त्याची ईएसआयसीकडची, म्हणजे कामगार विमा महामंडळाकडची, अपघाताची नोंद आणि दवाखान्याचे कागद. मेंटेनन्सचं लॉगबुक. त्या शिफ्टचं उत्पादनाचं रजिस्टर, त्यात अपघातानंतर किती वाजता पुन्हा नग पडले ते दिसेल. सीसीटीव्ही. हे सगळं कंपनीने हजर करावं, असा अर्ज चौकशी अधिकाऱ्याकडे पहिल्याच तारखेला लेखी द्या. नाही दिलं तर 'मागितलं, दिलं नाही' हे चौकशीच्या रोजनाम्यात (रोजच्या नोंदीत) येऊ द्या. कंपनीच्या चौकशीत कोर्टासारखा कडक पुरावा लागत नाही, ऐकीव गोष्टही चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका कंडक्टरच्या खटल्यात 1977 सालीच म्हटलं आहे. ते मालकाच्या फायद्याचं म्हणून सांगितलं जातं, पण ते दोन्ही बाजूंना लागू आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अपघाताची तक्रारही आजच द्या. ती भावासाठी नाही, त्या मशीनवर आज जो उभा आहे त्याच्यासाठी.

सत्कार मात्र थांबवा. शाल-श्रीफळाचा फोटो कंपनीच्या फाईलमध्ये लागलेला असेल, 'कामगाराला कृत्याचा पश्चात्ताप नाही' या शीर्षकाखाली. व्हिडिओही आता नवा नको. सुपरवायझरचं नाव घेऊन केलेलं बोलणं उद्या धमकीच्या कलमात जातं. अमेरिकेत 2010च्या ऑगस्टमध्ये असंच झालं होतं. जेटब्लू कंपनीचा एक विमान-कर्मचारी प्रवाशाशी वाजलं म्हणून भडकला, उतरलेल्या विमानाच्या माईकवरून शिव्या घातल्या, बिअरचे कॅन घेतले आणि आणीबाणीची घसरगुंडी उघडून न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरून चालता झाला. त्याला डोक्यावर घेणारे लाखो झाले. फौजदारी गुन्हे तरीही दाखल झाले, त्याने कबुली दिली, कंपनीला दहा हजार डॉलर भरले, मानसोपचार घेतले आणि वर्षभर न्यायालयाच्या देखरेखीखाली राहिला. नोकरी गेली ती गेलीच. डोक्यावर घेणाऱ्यांपैकी कोणी ते डॉलर भरले नाहीत.

चौकशी कितीही बरी गेली तरी तयारी लांबची ठेवा. पुण्याच्या भारत फोर्जमध्ये एक कामगार कामाच्या वेळी लोखंडी पत्र्यावर झोपलेला सापडला, 1983च्या ऑगस्टमध्ये. ती त्याची चौथी वेळ होती. त्याची बडतर्फी बरोबर की चूक, याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून 2005 साली आला, आणि तो त्याच्या विरुद्ध गेला. तिथे मागच्या तीन वेळांनी त्याला बुडवलं. तुमच्या भावाच्या फाईलमध्ये एक मेमो नाही. त्या नऊ वर्षांच्या हजेरीच्या, वेतनवाढीच्या, एखाद्या शाबासकीच्या चिठ्ठीच्या नकला आजच गोळा करून ठेवा.

पत्र दुसरे

'2021-22च्या एसटी संपात आम्ही गावकऱ्यांनी आमच्या भागातल्या चालक-वाहकांसाठी वर्गणी केली, डेपोसमोर जाऊन बसलो. पण संप लांबला. गावच्या मुली शाळा-कॉलेजला चालत जाऊ लागल्या, काहींनी शिक्षण सोडलं. मग गावच फिरलं, मीसुद्धा फिरलो. आज त्यातला एखादा कंडक्टर भेटला की नजर चुकवावी वाटते. आम्ही स्वार्थी झालो होतो का?'
– एक निवृत्त शिक्षक, ता. औसा

उत्तर

गुरुजी, नाही. तुमच्यासमोर दोन दुःखं होती, आणि दुसरं तुमच्या वर्गात बसलेलं होतं.

तो संप ऑक्टोबर 2021च्या अखेरीस पेटला. ऐन दिवाळीत डेपो बंद झाले. विलिनीकरणाची, म्हणजे एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करण्याची, मागणी होती, आणि तिच्या मागे अपुरे आणि वेळेवर न होणारे पगार होते, आत्महत्या होत्या. नोव्हेंबरात सरकारने मूळ वेतनात नोकरीच्या वर्षांप्रमाणे अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली. ही वाढ लोकांच्या दबावाशिवाय मिळाली नसती, असं माझं मत आहे. म्हणजे तुमची वर्गणी वाया गेली नाही. त्यानंतर मात्र प्रश्न विलिनीकरणावर अडला, आणि तो अडून राहिल्याची किंमत ज्याच्याकडे मोटारसायकल नाही तोच भरत होता. शहरातल्या माणसाला हे समजणार नाही. मराठवाड्यात आठवीनंतरच्या मुलीचं शिक्षण हे कितीतरी गावांत सकाळच्या एका गाडीवर उभं आहे.

7 एप्रिल 2022 रोजी उच्च न्यायालयाने सांगितलं की 22 एप्रिलपर्यंत कामावर या, आलात तर कारवाई होणार नाही. बडतर्फांनाही रस्ता मोकळा केला. इतका मऊ आदेश संपकऱ्यांना क्वचित मिळतो. दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवारांच्या घरावर जमाव गेला, दगड-चपला पडल्या, शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. पाच महिने उपाशी राहून जमवलेली सहानुभूती एका दुपारी निम्मी झाली. माझा राग त्या कर्मचाऱ्यांपेक्षा, त्यांना तिथपर्यंत नेणाऱ्यांवर जास्त आहे. घरी आलेली कोर्टाची तारीख मात्र कर्मचाऱ्यांच्याच नावाची होती.

कायद्याची बाजू थोडक्यात. संप करणं हा मूलभूत हक्क नाही. 2003 मध्ये तामिळनाडूने एका फटक्यात सुमारे पावणेदोन लाख सरकारी कर्मचारी काढले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तर सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा नैतिक हक्कही नाही, इथवर म्हटलं. मला ते पटलेलं नाही. ज्याचं काम अत्यावश्यक, त्याचा पगारही अत्यावश्यक असला पाहिजे. मार्च 2018 मध्ये आपल्या सरकारने अंगणवाडी सेविकांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतला संप रोखणारा कायदा, लावला. महिन्याला हातावर टेकवायचं ते मानधन, आणि संपावर गेल्या की अत्यावश्यक सेवा! विधिमंडळात ओरड झाली, काही दिवसांत स्थगिती आली. तिथे सहानुभूतीने कायद्याला खरोखर मागे सरकवलं, कारण ती वेळेवर आणि योग्य दाराशी गेली. पुढे 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला.

एक करता येईल. संपाआधी 14 दिवसांची नोटीस पूर्वी फक्त सार्वजनिक सेवांना सक्तीची होती, नव्या संहितेत ती सगळ्या उद्योगांना आहे. कामगारांना ती जाचक वाटते, आणि ती वापरून संप रोखायचा प्रयत्न होणार हेही खरं. पण गावाने ते 14 दिवस वापरावेत. ग्रामसभा घ्या, आमदाराला बोलवा, मुलींच्या गाडीचं काय करणार ते विचारा, आणि कामगारांचं देणं का थकलं तेही तिथेच विचारा. त्या कंडक्टरला भेटलात तर नजर चुकवू नका. चहा पाजा, आणि मुलींचं काय झालं तेही सांगा. त्यालाही मुली असतील.

पत्र तिसरे

'माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीआधी मुकादमाकडून एका कोयत्याची (नवरा-बायकोच्या जोडीची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. दीड महिना पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडात तोड केली. आई तापाने कोपीत पडून होती त्या दिवसांचे खाडे (गैरहजेरीची कपात) लावले. दवाखान्याला पैसे मागितले तर दिले नाहीत. एका रात्री दोघं निघून आले. आता मुकादमाने वडिलांची मोटारसायकल ओढून नेली आहे आणि 420 करतो म्हणतो. गावात लोक बिचारे पण म्हणतात आणि उचल बुडवली पण म्हणतात. वडिलांना जेल होईल का?'
– बी.ए.चा विद्यार्थी, जि. बीड

उत्तर

बाळा, आधी वडिलांना सांग, रात्री झोपा. उचल घेऊन काम अर्धवट सोडलं, एवढ्यासाठी या देशात कोणाला तुरुंगात टाकता येत नाही.

पूर्वी येत होतं. ब्रिटिशांनी 1859 साली कायदा केला होता: आगाऊ पैसे घेऊन कामगार पळाला तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचं, मॅजिस्ट्रेटने पैसे परत कर किंवा कामावर जा म्हणायचं, आणि नाही ऐकलं तर तीन महिने कैद. चहामळ्यांपासून गिरण्यांपर्यंत त्याचा वरवंटा फिरला. 1925 साली तो रद्द झाला. मुकादमाच्या तोंडात आज जी धमकी आहे ती शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या कायद्याची आहे, फक्त आता तिला 420 म्हणतात.

420 म्हणजे फसवणूक. भारतीय न्याय संहितेत ते आता कलम 318 मध्ये आहे. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. ज्याने दीड महिना पहाटे उठून ऊस तोडला, त्याचा हेतू बुडवायचा होता असं कोण म्हणेल? राहिलेले पैसे हे देणं आहे, आणि देण्याची वसुली दिवाणी मार्गाने होते. मोटारसायकल ओढून नेणं हा मार्ग नाही. वसुलीसाठी दुसऱ्याची गाडी त्याच्या मर्जीविरुद्ध उचलून नेली तर तो चोरीचा गुन्हा होतो. म्हणजे आज पोलिसांत जायचा हक्क मुकादमापेक्षा तुमचा मोठा आहे.

देणं किती, ते मुकादमाच्या वहीतून ठरत नाही. दीड महिन्यात किती टन तोड झाली त्याच्या वजनाच्या नोंदी कारखान्याकडे असतात. टनाला दर काय ठरला, त्यातून खाड्याचे किती कापले, मुकादमाचं कमिशन किती, हे कागदावर मांडा. आजारी बाईचे खाडे लावून तिच्याच नावावर कर्ज वाढवायचं, ही रीत आपल्या डोंगरपट्ट्यात इतकी अंगवळणी पडली आहे की कोणाला ती चुकीची वाटतच नाही. मला वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली म्हटलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं ही वेठबिगारी आहे. आणि 1976च्या वेठबिगार मुक्ती कायद्याप्रमाणे, आगाऊ रकमेपोटी माणसाला निघून जायची मोकळीक उरली नाही असं ठरलं, तर ते कर्जच रद्द होतं. हे कर्ज तसलं नाही, असं सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर असतो. प्रत्येक उचल यात बसेल असं मी म्हणणार नाही. 'आम्हाला जाऊ देत नव्हते, म्हणून रात्री निघालो' हे आई-वडील खरेपणाने सांगू शकत असतील, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तसा अर्ज करा.

मुकादमाबद्दलही एक सांगते. तो बहुतेक तुमच्याच पट्ट्यातला, वरून उचल घेऊन कोऱ्या कागदावर सह्या करून बसलेला. टोळी गेली की वरचा त्याची गाडी ओढतो. म्हणून हिशोबाला बसायची तयारी दाखवा, पण त्याच्या ओट्यावर नको, ग्रामपंचायतीत बसा. गावात जे 'बिचारे' म्हणतात त्यातले दोघे तिथे येऊन बसू देत. आले तर त्यांचं बिचारे म्हणणं खरं. हिशोबाच्या कागदावर त्यांच्याही सह्या घ्या, आणि हिशोब पुरा होईपर्यंत वडिलांनी कुठल्याही कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पवर अंगठा द्यायचा नाही.

तू शिकतोस, म्हणून पहिलं काम तुझं. मोटारसायकलच्या आरसी बुकाची नक्कल लावून पोलिस ठाण्यात लेखी तक्रार दे, कोणी, कधी, कोणासमोर नेली ते लिही. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार पोलिस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. आईच्या तापाच्या दिवसांतली औषधाची चिठ्ठी, मेडिकलचं बिल, काहीही सापडलं तर ते हिशोबाच्या कागदांत ठेव. खाडे कुठल्या दिवसांचे लावले ते त्यावरून दाखवता येईल.